आकारणीची वही उघडा!

फेरआकारणीची नोटीस हाती पडली की आपल्या गावांतील छोटा दुकानदार सहसा दोनपैकी एक वाट धरतो. एक वाट नगरपालिकेतील ओळखीच्या माणसाकडे जाते. तेथे 'बघून घेतो' असे आश्वासन मिळते, काही देवघेव होते आणि आकडा थोडासा उतरतो. दुसरी वाट व्यापारी संघटनेच्या मंडपाकडे जाते. तेथे बंदची हाक दिली जाते, पुढाऱ्यांची भाषणे होतात आणि करवाढीला स्थगिती मिळाल्याची बातमी वृत्तपत्रांत झळकते. पहिल्या वाटेने एकट्याचे काम होते, परंतु शेजाऱ्याचे तसेच राहते. दुसऱ्या वाटेने सर्वांचेच काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ज्यांची मालमत्ता सर्वांत मोठी आणि आकारणी सर्वांत जुनी, त्यांचे ते सर्वाधिक होते.

कायद्याने एक तिसरी वाटही ठेवली आहे, आणि ती थेट आकारणीच्या वहीपर्यंत जाते. ही वही लोकांसमोर उघडणे, तिच्यातील प्रत्येक रकान्याचा जाब विचारणे आणि मुदतीत लेखी हरकत नोंदविणे, ही ती वाट. या वाटेवर गर्दी नाही, कारण ती कोणी दाखवीत नाही. समाजवादी कार्यकर्त्यांनी ती दाखविली पाहिजे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. कर नाकारणे हे आपले धोरण नाही. पण आकारणी डोळे मिटून स्वीकारणे हेही आपले धोरण असता कामा नये.

हा कर का हवा?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शहराच्या मध्यवर्ती पेठेतील जागेची किंमत वाढते ती जागामालकाच्या श्रमाने नव्हे. तेथे रस्ता येतो, पाण्याची नळवाहिनी येते, बसस्थानक होते, वस्ती वाढते, म्हणून ती वाढते. जी वाढ समाजाने निर्माण केली तिचा काही वाटा समाजाकडे परत यावा, हा मालमत्ता करामागील न्याय आहे. अर्थशास्त्रात याला अनर्जित मूल्यवृद्धी म्हणतात. एखादा कर समाजवाद्यांना तत्त्वतः मान्य व्हावा असा असेल, तर तो हाच.

व्यवहारातही त्याला पर्याय उरलेला नाही. जकात गेली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटी रुपयांहून कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना माफ झाला. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा संपली. तेव्हापासून महानगरपालिका राज्य सरकारकडून मिळणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसतात, आणि स्वतःच्या हातातील भक्कम कर म्हणून घरपट्टीकडे पाहतात. सफाई कामगारांचे वेतन, पालिकेची शाळा, दवाखाना, रस्त्यावरचा दिवा हे सारे या करावर अवलंबून आहे. एवढेच नव्हे, तर दुकानाच्या बिलात 'रोजगार हमी उपकर' म्हणून जी ओळ असते, ती केवळ बिगरनिवासी मालमत्तेवर बसते. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला. दुष्काळी भागातील मजुराला काम मिळावे म्हणून शहरातील दुकान आणि कारखाना यांनी वाटा उचलावा, ही त्यामागील कल्पना आहे. ती कल्पना आपलीच आहे. तिच्याविरुद्ध आपण घोषणा देऊ शकत नाही.

म्हणून प्रश्न 'कर द्यावा की न द्यावा' हा नाही. कोणी किती द्यावा, ते कोणी ठरवावे आणि ठरविणाऱ्याला जाब कोणी विचारावा, हा प्रश्न आहे.

आकडा कसा तयार होतो?

मुंबईखेरीज इतर महानगरपालिकांना १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे, आणि नगरपरिषदांना १९६५ चा. दोहोंचा पाया एकच आहे. एखादी जागा वर्षाच्या कराराने भाड्याने दिली असता वाजवीपणे जे भाडे येईल ते वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की उरते ते करपात्र मूल्य. त्यावर सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, सफाई कर, शिक्षण उपकर इत्यादींचे दर लागतात आणि बिल तयार होते. निदान दर चार वर्षांनी नवे आकारणी पुस्तक तयार करावे असे कायदा सांगतो. लोकांच्या तोंडी असलेली 'चतुर्थ वार्षिक आकारणी' ती हीच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २०० चौरस फुटांचे किराणा दुकान आहे. जुना भाडेदर दरमहा चौरस फुटाला २० रुपये. महिन्याचे भाडे ४,००० रुपये, वर्षाचे ४८,०००. १० टक्के वजा जाता करपात्र मूल्य ४३,२०० रुपये. सर्व करांचा एकत्रित दर हिशेबाच्या सोयीसाठी ५० टक्के धरला, तर कर २१,६०० रुपये होतो. आता फेरआकारणीत भाडेदर ३५ रुपये झाला. वर्षाचे भाडे ८४,०००, करपात्र मूल्य ७५,६०० आणि कर ३७,८०० रुपये. दुकानदार घाबरतो तो येथे. पण समजा, मोजणी करणाऱ्याने दारापुढचा ओटा आणि आतला माळा दुकानातच धरून क्षेत्र २६० चौरस फूट लिहिले. मग वर्षाचे भाडे १,०९,२०० होते, करपात्र मूल्य ९८,२८० आणि कर ४९,१४० रुपये.

एकंदर वाढ २७,५४० रुपयांची झाली. त्यापैकी १६,२०० रुपये भाडेदर वाढल्यामुळे आले आणि ११,३४० रुपये मोजपट्टीच्या चुकीमुळे. मंडपातले भाषण या दोन रकमांत फरक करीत नाही. पहिली रक्कम हा धोरणाचा प्रश्न आहे. तो सभागृहात लढवावा लागेल. दुसरी रक्कम ही निव्वळ चूक आहे. एका साध्या अर्जाने ती दुरुस्त होऊ शकते. मात्र त्यासाठी वहीत २६० हा आकडा लिहिलेला आहे, हे दुकानदाराला कळले पाहिजे. बिलावर त्याला शेवटची रक्कम तेवढी ठळक दिसते.

मुंबईत २०१० पासून भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्याची पद्धत आली. रेडी रेकनरमधील जागेचा दर, क्षेत्रफळ, वापराचा प्रकार, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय, मजला अशा घटकांचा गुणाकार करून हे मूल्य काढतात आणि ते दर पाच वर्षांनी बदलता येते. या बदलाच्या वेळी कायद्यानेच एक मर्यादा घातली होती: पहिल्या पाच वर्षांत निवासी जागेचा कर पूर्वीच्या दुपटीहून आणि बिगरनिवासी जागेचा तिपटीहून अधिक होऊ नये. मर्यादा घालावी लागली हे बरेच झाले. परंतु दुकानाला तिप्पट ही 'मर्यादा' मानली गेली, यावरून बिगरनिवासी करदात्याकडे शासन कोणत्या दृष्टीने पाहते तेही कळते.

त्या 'बिगरनिवासी' या एका शब्दाखाली पंचतारांकित हॉटेल येते आणि चाळीच्या तोंडाशी असलेले शिंप्याचे दुकानही येते. वापराच्या प्रकारांची कोष्टके असतात हे खरे. पण शिंपी त्या कोष्टकाच्या कोणत्या ओळीत बसला आहे, हे त्याला कोण सांगणार? पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकास वार्षिक भाडेमूल्यात ४० टक्के सवलत १९७० पासून होती. मध्यंतरी ती काढली गेली आणि जनतेच्या रेट्याने २०२३ मध्ये पुन्हा मिळाली. स्वतःच्या गाळ्यात स्वतः राबणाऱ्या सायकल दुरुस्तीवाल्याला तशी सवलत मिळावी, असा ठराव मात्र कोणी मांडीत नाही. घराला मत असते आणि दुकानाला नसते असे थोडेच आहे? पण घरवाले संख्येने दिसतात, आणि छोटा दुकानदार मोठ्या व्यापाऱ्याच्या आडोशाला झाकला जातो.

मूल्य वाढले म्हणून दर तोच का?

येथे अर्थशास्त्राचा एक मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. 'वाजवी भाडे' ही आपली कल्पना इंग्रजी कायद्यातून आली. इंग्लंडमधील १६०१ च्या दारिद्र्यनिवारण कायद्याने जागेच्या भोगवटादारावर कर बसविला, आणि १८३६ च्या कायद्याने वर्षाच्या कराराने मिळू शकणारे भाडे हे त्याचे माप ठरविले. आपण ते माप घेतले. त्याला इंग्लंडने पुढे जी शिस्त लावली ती मात्र घेतली नाही.

इंग्लंडमध्ये दुकाने, कारखाने, कचेऱ्या यांचे फेरमूल्यांकन २०१७, २०२३ आणि २०२६ या वर्षी अमलात आले. आता ते दर तीन वर्षांनी व्हायचे आहे. मूल्य कोणत्या दिवसाच्या भाड्यावरून काढायचे तो दिवस आधीच ठरलेला असतो: २०२३ च्या यादीसाठी १ एप्रिल २०२१, २०२६ च्या यादीसाठी १ एप्रिल २०२४. संपूर्ण यादी कोणालाही पाहता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, देशभरातील मूल्यांची बेरीज वाढली तर कराचा दर त्या प्रमाणात खाली आणतात. फेरमूल्यांकनाचा हेतू कराचा बोजा नव्याने वाटणे हा आहे, गुपचूप वाढविणे हा नव्हे, असे तेथे तत्त्व आहे. एकदम वाढलेला कर टप्प्याटप्प्याने लागू करण्याची सोय असते, आणि १२,००० पौंडांपर्यंत मूल्य असलेली एकच छोटी जागा असेल तर कर पूर्ण माफ होऊ शकतो. तेथील छोटे दुकानदार सुखी आहेत असे मी म्हणत नाही. त्यांच्याही तक्रारी भरपूर आहेत. मुद्दा तत्त्वाचा आहे.

आपल्याकडे काय होते? समजा, एका गावातील सर्व मालमत्तांचे करपात्र मूल्य १० कोटी रुपये आहे आणि कराचा दर ४० टक्के. पालिकेला ४ कोटी मिळतात. फेरआकारणीत मूल्य १६ कोटी झाले. दर तोच ठेवला तर वसुली ६ कोटी ४० लाख होईल. पूर्वीइतकीच रक्कम हवी असती, तर २५ टक्के दर पुरला असता. पालिकेला खरोखर ५ कोटींची गरज असेल तर दर ३१.२५ टक्के ठेवावा लागेल, आणि त्या जादा कोटीचे काय करणार हे सभागृहात सांगावे लागेल. पण दराला हातच न लावता मूल्य वाढविले की असे काही सांगावे लागत नाही. 'आम्ही करवाढ केलेली नाही, केवळ फेरआकारणी केली आहे,' असे म्हणता येते. अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या आकड्यांआडून लोकप्रतिनिधींनी टाळलेली ही करवाढच असते.

महानगरपालिकांत पुढील वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपूर्वी ठरवावेत असा नियम आहे. फेरआकारणी ज्या वर्षी लागू व्हायची, त्या वर्षीच्या फेब्रुवारीतच 'नव्या मूल्यावर दर किती?' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. २०२२ नंतर कित्येक वर्षे राज्यातील बहुतेक महानगरपालिकांत निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासकाच्या सहीने दर ठरत होते. ज्यांना आपण निवडले नाही, त्यांनी ठरविलेला कर आपण भरला. मुंबईतील करदात्यांच्या असंतोषातून १८७२ चा पालिका कायदा आला आणि सभेतील ६४ पैकी निम्म्या जागा करदात्यांनी निवडून देण्याची पद्धत सुरू झाली. दीडशे वर्षांपूर्वी परकीय सत्तेला जे मान्य करावे लागले, ते स्वकीय सत्तेने एवढा काळ गुंडाळून ठेवावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

स्थगितीचा फायदा कोणाला?

फेरआकारणी झाली की ती स्थगित करा, रद्द करा, अशी मागणी बहुतेक सर्व पक्ष करतात. निवडणूक जवळ असेल तर ती मान्यही होते. यात गरिबाचे हित आहे असा समज आहे. तो तपासून पाहू.

भाडेमूल्याच्या पद्धतीत जुन्या इमारतीची आकारणी जुन्या भाड्यावर झालेली असते. मुख्य पेठेतील मोक्याची, पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्याकडे असलेली इमारत जुन्या आकड्यावर कर भरते. गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत कर्ज काढून गाळा घेतलेला तरुण नव्या दराने भरतो. जितकी वर्षे फेरआकारणी लांबते, तितकी ही तफावत वाढते. स्थगितीने गाळेवाल्याला काहीशे रुपयांचा दिलासा मिळतो, तर पेठेतल्या इमारतीच्या मालकाची बचत कितीतरी पट असते. पालिकेचे उत्पन्न मात्र दोघांमुळेही घटते. मग सफाईचे काम ठेकेदाराकडे जाते, कामगार रोजंदारीवर येतो आणि शाळेचे वर्ग बंद होतात. अखेरीस गाळेवाल्याचीच मुले त्या शाळेत असतात.

भाडेकरू दुकानदाराची अवस्था आणखी बिकट. जागेचे मूल्य वाढले तर मालक श्रीमंत होतो; भाडेकरूला त्यातून काही मिळत नाही, उलट वाढलेला कर करारान्वये त्याच्याच माथी येतो. वाढीची नोटीस मालकाच्या नावे निघते. मालकाला हरकत घेण्याची निकड नसते, कारण पैसे भाडेकरू देणार असतो. भाडेकरूला कळते तेव्हा मुदत टळलेली असते. भाडेनियंत्रणाखालील जागेचे मूल्य प्रमाणित भाड्याहून अधिक धरता येत नाही, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने देवान दौलतराय कपूर खटल्यात १९८० सालीच सांगितले. पण ते कोणी पुढे मांडले तरच अधिकारी विचारात घेणार!

हरकत कशी घ्यावी?

आता कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे असे काही.

पहिले म्हणजे तपासणी. महानगरपालिका कायद्याच्या करविषयक नियमांप्रमाणे आकारणी पुस्तक तयार झाल्याची जाहीर सूचना द्यावी लागते. जागेचा मालक किंवा भोगवटादार यांना आपल्या जागेविषयीच्या नोंदी विनामूल्य पाहण्याचा आणि उतरवून घेण्याचा हक्क आहे. इतरांनाही ठरलेली फी भरून तो मिळतो. म्हणजे ही वही गुप्त नाही. शेजारच्या दुकानाला कोणता दर लावला, मोठ्या दालनाला कोणता लावला, हे पाहता येते. कोणी आडकाठी केली तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहेच.

दुसरे म्हणजे नोटीस. ज्या मालमत्तेचे मूल्य वाढविले किंवा जिची नोंद प्रथमच केली, तिच्याबाबत निव्वळ जाहीर सूचना पुरेशी नाही, स्वतंत्र लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळालीच नसेल तर तो पहिला आणि भक्कम मुद्दा. नोटीस हाती पडल्याची तारीख लिहून ठेवावी, कारण महानगरपालिकेत हरकतीची मुदत किमान १५ दिवसांची आणि नगरपरिषदेत यादी प्रसिद्ध झाल्यापासून किमान ३० दिवसांची असते. नोटिशीवर छापलेली शेवटची तारीख हीच प्रमाण मानावी.

तिसरे म्हणजे मुद्दे. 'कर परवडत नाही' हा मुद्दा सुनावणीत चालत नाही. चालतात ते पुढील मुद्दे. क्षेत्रफळ चुकले आहे काय? स्वतः फीत धरून मोजावे आणि नकाशा जोडावा. वापर चुकीचा लिहिला आहे काय? मागे घर आणि पुढे दुकान असताना सर्वच जागा दुकान म्हणून धरली जाते. गोदामाला दुकानाचा दर लावला जातो. बांधकामाचा प्रकार आणि वय बरोबर आहे काय? पत्र्याच्या शेडला काँक्रीटचा दर लागलेला आढळतो. त्याच गल्लीतील, त्याच प्रकारच्या जागेला कमी दर आहे काय? असल्यास तिचा उतारा जोडावा. असमानतेएवढा प्रभावी पुरावा दुसरा नाही. प्रत्यक्ष भाडे कमी आहे काय? भाडेकरार आणि पावत्या जोडाव्यात. कारखानदारीत आणखी एक गोष्ट पाहावी: यंत्रसामग्रीची किंमत करपात्र मूल्यात धरता येत नाही, असे कायदा स्पष्टपणे सांगतो. पिठाची गिरणी, यंत्रमाग, लेथ यांच्या मालकांना हे ठाऊक असले पाहिजे.

चौथे म्हणजे अर्ज आणि सुनावणी. अर्ज लेखीच हवा. त्यात सर्व कारणे थोडक्यात पण पूर्णपणे द्यावीत आणि पोच घ्यावी. सुनावणीला हजर राहावे. गैरहजर राहिल्यास एकतर्फी निकाल होतो. निकालाची प्रत लेखी मागावी.

पाचवे म्हणजे अपील. महानगरपालिकेच्या निर्णयाविरुद्ध पुण्यासारख्या शहरात लघुवाद न्यायालयाकडे, अन्यत्र दिवाणी न्यायाधीशांकडे १५ दिवसांत जावे लागते; मुंबईत लघुवाद न्यायालयाकडे २१ दिवसांत. नगरपरिषदांत सुनावणीनंतर अपील समितीकडे जाता येते. न्यायालयीन अपिलाला दोन अटी आहेत: आधी हरकत नोंदवून तिचा निकाल लागलेला असला पाहिजे, आणि वादातील कराची रक्कम भरलेली असली पाहिजे. दुसरी अट कोणाला जड जाते हे सांगायला नको. मोठी कंपनी रक्कम भरते आणि वर्षानुवर्षे लढते. छोटा दुकानदार दाराशीच थांबतो. म्हणून त्याची खरी लढाई पहिल्या हरकतीतच असते.

आणि सहावे: हरकत प्रलंबित आहे म्हणून बिल थकवू नये. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. वर्षाला ती २४ टक्के होते. हरकत राखून भरत असल्याचे लिहून द्यावे आणि रक्कम भरावी. मुदत हुकली असेल तरी सारे संपले असे नाही. मुंबईच्या कायद्याप्रमाणे जुन्या नोंदी पुढील वर्षी कायम ठेवतानाही जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकतीची संधी दरवर्षी मिळते. इतर ठिकाणीही पुढच्या वर्षीच्या सूचनेवर लक्ष ठेवावे.

लढून काय होते, असे विचारणाऱ्यांनी मुंबईचे उदाहरण पाहावे. मोकळ्या जमिनीवर पुढेमागे किती बांधकाम होऊ शकेल याचा हिशेब आजच्या करात धरणारे, भांडवली मूल्याच्या नियमावलीतील २०, २१ आणि २२ हे नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ते रद्दच ठेवले. ही लढाई मालमत्ताधारकांच्या संघटनेने लढविली. तिचे अर्जदार गरीब नव्हते. संघटना, वकील आणि चिकाटी असली की कायदा हलतो, हे त्यांना ठाऊक होते. हे ज्ञान फक्त त्यांच्याकडेच राहावे काय?

हे आपले काम आहे काय?

काही साथी विचारतील की, दुकानदार हा मालमत्ताधारक वर्ग. त्याच्या हरकती लिहीत बसणे हे समाजवादी पक्षाचे काम आहे काय? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर असे की, दोनशे चौरस फुटांत नवरा-बायको आणि एखादा पोऱ्या मिळून जे राबतात, ते दुसऱ्याच्या श्रमावर जगत नाहीत. स्वतःच्याच श्रमावर जगतात. मोठ्या व्यापाऱ्याने त्यांना आपल्या मागे उभे करावे आणि 'व्यापारी एकजुटी'च्या नावाखाली स्वतःचा कर वाचवावा, हे आपण किती दिवस पाहणार? ज्या दिवशी गल्लीतील पन्नास दुकानदार वही उघडून पाहतील आणि आपण चौरस फुटाला जो दर भरतो तोच किंवा त्याहून कमी दर चौकातील आलिशान दालन भरते असे त्यांना दिसेल, त्या दिवशी ती खोटी एकजूट संपेल. हरकतीने एकाचा कर कमी होतो. वही उघडल्याने चुकविणाऱ्याचा कर वाढतोही. पालिकेची तिजोरी आणि गाळेवाला या दोघांचेही हित त्यात आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने चार मागण्या धराव्यात. संपूर्ण आकारणी यादी, क्षेत्रफळ, वापर आणि दर यांसह, प्रत्येक प्रभागात मराठीत जाहीर लावावी. मूल्य बदलल्यावर कराचा दर सभागृहाने नव्याने ठरवावा आणि जादा रकमेचा हिशेब द्यावा. ठरावीक क्षेत्रफळापर्यंतच्या, मालक स्वतः चालवीत असलेल्या दुकानांना व कार्यशाळांना वेगळा, हलका वर्ग द्यावा, आणि त्याची भरपाई मोठ्या व्यापारी संकुलांकडून करावी. छोट्या करदात्याला अपिलासाठी वादातील संपूर्ण रक्कम भरण्याची अट शिथिल करावी.

मागण्या मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पुढची फेरआकारणी जाहीर होईल तेव्हा शाखेच्या कार्यालयात एक टेबल, एक मोजपट्टी, कोऱ्या अर्जांचा गठ्ठा आणि हिशेब जाणणारे दोन कार्यकर्ते बसलेले असावेत. निवृत्त शिक्षक आणि बँक कर्मचारी यांची आपल्याकडे उणीव नाही. पंधरा दिवसांत शंभर अर्ज नीट भरले गेले, तर त्या गावात पुढच्या वेळी मोजणीला येणारा माणूस फीत सरळ धरील.